साष्टींतील लेण्यांचे स्तंभ : भार, ताण आणि तडे

१

साष्टी बेटांतील लेण्यांसंबंधानें आजवर जें लेखन झालें, तें बहुतेक शिलालेख, मूर्ति आणि धर्मपंथ या तीन अंगांनीं झालें आहे. कान्हेरीच्या लेखांच्या नकला एडवर्ड वेस्ट यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकाच्या आरंभीं प्रसिद्ध केल्या. फर्ग्युसन व बर्जेस यांचा भारतांतील गुहामंदिरांवरील मोठा ग्रंथ १८८० सालीं निघाला. ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरचा स्थलवर्णनाचा खंड १८८२ सालीं छापला गेला. या संशोधकांनीं लेण्यांची लांबीरुंदी दिली, खांब मोजले, इतकेंच नव्हे तर मोडलेले खांब किती हेंहि लिहून ठेविलें. परंतु मोडलेल्या खांबांवरचें छत खालीं कां आलें नाहीं, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाकडून क्वचितच विचारला जातो. तो स्थापत्यशास्त्राचा प्रश्न आहे, आपला नव्हे, असें समजून आपण पुढें जातों.

आमच्या मतें हा प्रश्न आपलाच आहे, आणि तो दोन कारणांनीं. पहिलें कारण असें कीं, दगडावर जें बळ पडतें त्याची खूण दगडांत राहते. तडा कोठून निघाला, कोणत्या दिशेनें गेला, कोठें थांबला, हें पाहिलें असतां त्या दगडानें काय सोसलें याची हकीकत मिळते. ती हकीकत कोणा कारकुनानें लिहिलेली नसते, म्हणून तींत पक्षपात नसतो. दुसरें कारण असें कीं, लेण्यांची डागडुजी करतांना खांब छत तोलतो असें गृहीत धरून टेकू दिले जातात व तडे बुजविले जातात. हें गृहीत कितपत खरें आहे हें न पाहतां केलेली डागडुजी पुरावा तर पुसतेच, पण कधीं कधीं लेण्यासहि बाधते. म्हणून साष्टींतील व शेजारच्या घारापुरींतील लेणीं समोर ठेवून या प्रश्नाचा विचार करण्याचें योजिलें आहे.

२

प्रथम पदार्थांच्या स्वभावाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. कोणताहि घन पदार्थ कितीहि कठीण दिसला तरी त्यावर बळ लावलें असतां त्याचा आकार थोडा तरी बदलतोच. ओढला तर लांबतो, दाबला तर आखूड होतो, दोन टोकांवर ठेवून मध्यें भार दिला तर वांकतो. बळ काढून घेतल्यावर पदार्थ पूर्वस्थितीस येतो, या गुणास स्थितिस्थापकता म्हणतात. हा आकारबदल बळाच्या प्रमाणांत असतो हा नियम इंग्लंडांतील रॉबर्ट हूक यानें शोधिला. आपला शोध दुसऱ्यानें लाटूं नये म्हणून त्यानें तो १६७६ सालीं अक्षरांची उलटापालट करून कूटरूपानें छापला, आणि १६७८ सालीं कूट उकलून दाखविलें. त्या वेळीं महाराष्ट्रांत शिवछत्रपति राज्य करीत होते, हें लक्षांत घेतलें म्हणजे काळाची कल्पना येईल.

हा नियम एका मर्यादेपर्यंतच चालतो. मर्यादेपलीकडे गेल्यावर निरनिराळे पदार्थ निरनिराळ्या रीतीनें वागतात, आणि याची उदाहरणें प्रत्येक संग्राहकाच्या दप्तरांत आहेत. ताम्रपट घ्यावा. तो वांकविला तर प्रथम थोडा परत येतो; अधिक वांकविला तर वांकलेलाच राहतो, पण मोडत नाहीं. तांब्याचें अंग चिवट आहे, म्हणून मर्यादा ओलांडल्यावरहि तें एकदम हार खात नाहीं. कान्हेरीच्या एका स्तूपांत डॉ. जेम्स बर्ड यांस १८३९ सालीं त्रैकूटकांच्या २४५ व्या वर्षाचा ताम्रपट मिळाला. खडकाच्या सान्निध्यांत शतकानुशतकें राहूनहि तांब्यावरचा लेख वाचतां येण्याजोगा राहिला, यांत तांब्याच्या या स्वभावाचाहि वांटा आहे.

आतां मोडी कागद घ्यावा. तो सपाट राहिला तर शेंकडों वर्षें टिकतो. घडी घातलेला असेल तर प्रथम घडीवरच विरतो, आणि घडीच्या कडेला बारीकशी चीर गेली कीं पुढें हलक्या हातानेंहि ती लांबत जाते. चिरेच्या टोंकाशीं सगळा ताण एकवटतो हें त्याचें कारण होय. कांचेवरील प्रयोगांनीं हीच गोष्ट ग्रिफिथ या शास्त्रज्ञानें १९२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत गणितानें सिद्ध केली : ठिसूळ पदार्थाची ताण सोसण्याची शक्ति त्याच्या अंगच्या बळापेक्षां त्यांतील सूक्ष्म चिरांवर अवलंबून असते.

दगड हा या दुसऱ्या वर्गांतला आहे. दाबाखालीं तो फार बळकट असतो, पण ताणाखालीं अगदीं दुबळा. जो घट्ट काळा बेसॉल्ट दर चौरस सेंटिमीटरला हजार किलोंहून अधिक दाब सोसतो, तो ताण त्याच्या सुमारें दहाव्या हिश्श्याइतका, किंवा त्याहूनहि कमी सोसतो. हा एक भेद ध्यानांत धरला म्हणजे लेण्यांतील बहुतेक कोडीं उकलतात.

३

या भेदाचें सर्वांत मोठें उदाहरण अंधेरी येथेंच उभें आहे. अंधेरीच्या पश्चिम भागांत गिल्बर्ट टेकडी नांवाचा सुमारें २०० फूट उंचीचा काळा कडा असून त्यावर गांवदेवीचें देऊळ आहे. हा कडा उभ्या बहुकोनी खांबांचा बनलेला आहे. पाहणाऱ्यास वाटावें कीं कोणी पाथरवटांनीं खांब घडवून एकास एक लावून ठेविले आहेत. परंतु येथें टांकीचा संबंध नाहीं. सुमारें सहा कोटि वर्षांपूर्वींच्या ज्वालामुखी काळांत हा रस थिजला. थिजतांना तो आंकुंचन पावूं लागला, पण चहूंबाजूंनीं बांधलेला असल्यामुळें त्यास मोकळेपणें आंकुंचित होतां येईना. त्यामुळें अंगांत ताण उत्पन्न झाला, दगडास ताण सोसत नाहीं म्हणून तो फाटला, आणि निवण्याचा पृष्ठभाग जसजसा आंत सरकला तसतशा भेगाहि आंत शिरत गेल्या. वाळलेल्या तळ्याच्या चिखलास जसे तडे पडतात तशीच ही क्रिया आहे. भेगा निवण्याच्या पृष्ठभागाशीं काटकोनांत जातात, म्हणून उभे खांब पाहिले म्हणजे तो पृष्ठभाग आडवा होता हें कळतें.

अशा रीतीनें सहा कोटि वर्षांपूर्वींच्या घडामोडीची दिशा आपण केवळ तड्यांवरून सांगूं शकतों. तडा हा वाचावयाचा लेख आहे असें आम्ही म्हणतों तें याच अर्थानें.

लेणीं ज्यांत कोरिलीं तो खडक मात्र बहुतेक ठिकाणीं असा घट्ट नाहीं. कान्हेरी, कोंडिवटें (महाकाली) आणि जोगेश्वरी येथील खडक हा ज्वालामुखीच्या राखेंत लहानमोठे दगड रुतून बनलेला मिश्र खडक आहे. भूशास्त्रज्ञ त्यास ब्रेशिया म्हणतात. तो टांकीस सोपा, पण पाण्यानें लवकर झिजणारा आहे. साष्टींतील लेण्यांच्या खांबांचे तळ झिजून बारीक झालेले व कोरीव काम पुसट झालेलें दिसतें, त्याचें मूळ येथें आहे.

४

लेणीं कोरणारांनीं आकार घेतले ते लाकडाच्या घरावरून. अंधेरीच्या पूर्वेस कोंडिवट्यास एकोणीस लेण्यांचा समूह आहे. त्यांतील नवव्या लेण्यांत दालनाच्या टोंकास एक वाटोळी घुमटाकार खोली असून तिच्यांत स्तूप आहे; खोलीच्या भिंतीस दगडांतच कोरलेल्या जाळीच्या खिडक्या आहेत, आणि खिडकीवरच्या लेखांत गोतम गोत्राच्या एका ब्राह्मणानें भावासह केलेल्या विहारदानाची नोंद आहे. ही रचना गयेजवळच्या बराबर टेंकड्यांतील सुदामा गुहेशीं जुळते. दोन्ही ठिकाणीं गवतानें शाकारलेल्या वाटोळ्या झोंपडीची आकृति खडकांत उतरली आहे. बराबरच्याच लोमश ऋषि गुहेचें आंतील काम अर्धवट राहिलें, त्याचें कारण खडकांतील भेग हेंच असावें असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. तेथें तड्यानें इतिहासाची गति थांबविली असें म्हणतां येईल.

लाकूड आणि दगड यांच्या स्वभावांतील फरक येथें महत्त्वाचा आहे. लाकूड धाग्यांचें बनलेलें असतें. धाग्यांच्या दिशेनें तें ताण चांगला सोसतें. म्हणून लाकडाची तुळई दोन खांबांवर लांबवर टाकतां येते. तुळई भारानें वांकली म्हणजे तिची वरची बाजू दाबली जाते व खालची ताणली जाते. लाकडास दोन्ही चालतात. दगडाच्या तुळईस खालच्या बाजूचा ताण सोसत नाहीं, म्हणून ती लांब असली तर मध्येंच तडकते. लाकडी घराचें कमानदार छप्पर खांबांना बाहेर ढकलतें, म्हणून सुतार खांब आंतल्या बाजूस कलते रोवीत. भाज्याच्या चैत्यगृहांत दगडी खांब तसेच आंत कललेले आहेत. खडकांत त्यांस ढकलणारें कोणी नाहीं, तरी सुताराची संवय पाथरवटाच्या हातीं राहिली.

कान्हेरीचें तिसरें लेणें म्हणजे तेथील मोठें चैत्यगृह. त्यांत यज्ञश्री सातकर्णीच्या काळचा लेख आहे. दालन सुमारें ८६ फूट लांब असून त्यांत ३४ खांब आहेत; त्यांपैकीं पुढच्या कांहीं खांबांस कार्ल्याच्या धर्तीच्या बैठका व शीर्षें आहेत, आणि स्तूपामागचे खांब साधे अष्टकोनी आहेत. गॅझेटियरकारांनीं लिहून ठेविलें आहे कीं, कार्ल्याप्रमाणेंच येथील कमानदार छताखालीं लाकडी फासळ्या होत्या, पण त्या नाहींशा झाल्या. मोठ्या खिडकीखालीं खडकांत बसविलेल्या सागवानी तुळयांचा थोडा भाग तेवढा उरला होता.

या साध्या नोंदींत एका प्रयोगाचा निकाल आहे. कार्ल्याच्या फासळ्या पाहून त्या छत तोलतात असें कोणासहि वाटेल. कान्हेरीस त्या गेल्या आणि छत जसेंच्या तसें राहिलें. म्हणजे फासळ्या कांहीं तोलीत नव्हत्या. त्या लाकडी घराची आठवण म्हणून बसविलेल्या होत्या. छत राहिलें तें कमानीच्या आकारामुळें. कमानीच्या अंगांत भार दाबाच्या रूपानें दोन्ही बाजूंस उतरतो, ताण जवळजवळ उत्पन्नच होत नाहीं, आणि दाब हा दगडाचा आवडता भार आहे. जो आकार वेळूच्या वांकण्यांतून निघाला, तोच दगडास सर्वांत मानवला, हा योगायोग भारतीय शिल्पाच्या इतिहासांत फार महत्त्वाचा ठरला. बाजूच्या अरुंद पट्ट्यांवर मात्र छत सपाट ठेविलें आहे; तेथें गाळा लहान असल्यानें तें चालून गेलें.

५

आतां खांबांकडे वळूं. बांधलेल्या देवळांत आणि कोरलेल्या लेण्यांत एक मूलभूत भेद आहे. देवळांत आधीं खांब उभा राहतो, मग त्यावर भार ठेवला जातो. लेण्यांत भार आधींपासून आहे, खांब मागाहून होतो. डोंगराचें वजन सर्वत्र सारखें पसरलेलें असतां भोंवतालचा खडक काढून टाकला जातो, आणि जो भाग शिल्लक ठेवला त्यावर काढलेल्या भागाचा भार आपोआप येऊन पडतो. कारागीर वरून खालीं कोरीत येई, त्यामुळें खांब घडतां घडतांच भाराखालीं येई.

याचा हिशोब सोपा आहे. समजा, लेण्याच्या छतावर दहा मीटर जाड खडक आहे, आणि एका घनमीटर खडकाचें वजन सुमारें २.७ टन आहे. कोरण्यापूर्वीं त्या पातळीवर दर चौरस मीटरला २७ टन, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २.७ किलो दाब होता. आतां तीन मीटर लांब व तीन मीटर रुंद अशा प्रत्येक चौकांत एकच चौरस मीटर जाडीचा खांब राखून बाकी खडक काढला. नऊ चौरस मीटरांचा भार एका चौरस मीटरवर आला. खांबावर २४३ टन, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारें २४ किलो दाब पडला. ऐकावयास हा आंकडा मोठा वाटतो, पण घट्ट दगडाच्या शक्तीपुढें तो चाळिसाव्या हिश्श्याइतकाहि नाहीं. तीन मीटर उंचीचा घट्ट बेसॉल्टाचा खांब या भारानें सुमारें मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याइतका आखूड होईल. मिश्र खडक याहून दुबळा असतो, तरी त्याचीहि शक्ति या आंकड्याच्या पुष्कळ वर राहते.

यावरून असें दिसतें कीं, केवळ दाबाच्या दृष्टीनें लेण्यांतील खांब पाहिजेत त्याहून पुष्कळ जाड आहेत. कारागिरांजवळ हा हिशोब नव्हता. जपून वागण्याची परंपरा होती. सहाव्या शतकाच्या सुमारास जोगेश्वरी, मंडपेश्वर आणि घारापुरी येथें जे आंखूड, भक्कम, उशीसारख्या शीर्षाचे खांब आले, त्यांत लाकडी खांबाची सडसडीत आकृति सुटून दगडास शोभेल अशी आकृति आली. येथपर्यंत येण्यास कित्येक शतकें लागलीं.

६

मोडलेल्या खांबांच्या प्रश्नास आतां उत्तर देतां येतें. घारापुरीच्या मोठ्या लेण्यांत मूळचे २६ सुटे खांब व १६ भिंतीस लागलेले, मिळून ४२ आधार होते. फर्ग्युसन व बर्जेस यांच्या वेळीं सुट्यांपैकीं आठ खांब नष्ट झालेले व इतर कित्येक फार जखमी झालेले होते. तरीहि छत राहिलें. आठ खांब गेले असतां छत खालीं येत नाहीं, यावरून कांहीं जण असा निष्कर्ष काढतात कीं, लेण्यांतील खांब केवळ शोभेचे असतात. आम्हांस हा निष्कर्ष अर्धाच खरा वाटतो.

खांब मोडला म्हणजे त्यावरचा भार नाहींसा होत नाहीं. तो शेजाऱ्यांकडे जातो. वरील उदाहरणांत एका खांबाचे २४३ टन चार शेजाऱ्यांत सारखे वांटले तर प्रत्येकावर सुमारें ६१ टन वाढतात, आणि त्यांचा दाब चोविसावरून तिसावर जातो. तोहि त्यांस जड नाहीं. शिवाय खडक जाड असला म्हणजे मोकळ्या जागेच्या वर, खडकाच्या पोटांत, भार आपल्या वाटेनें कमानीसारखा वळून बाजूंच्या आधारांकडे जातो. ही न दिसणारी कमान कोणीं कोरलेली नसते. म्हणून खांब गेल्यावर छत राहतें.

परंतु त्याबरोबर छताचा मोकळा गाळा दुप्पट होतो. सपाट छत हें एका जाड तुळईसारखें वागतें. गाळा दुप्पट झाला तर खालच्या बाजूचा ताण सुमारें चौपट होतो, आणि छताची जाडी दुप्पट असली तर तो निम्मा होतो. खडक अखंड असता तर एवढा ताण त्यानें सोसला असता. पण खरा डोंगर अखंड नसतो. त्यांत निवण्याच्या वेळचे सांधे, निरनिराळ्या थरांच्या शिवणी आणि पाण्यानें उघडलेल्या चिरा असतात. सांध्यास ताण सोसण्याची शक्ति जवळजवळ नसते. म्हणून खांबांचें खरें काम छताचें सगळें वजन तोलणें एवढेंच नसून गाळा लहान ठेवणें व सुटूं पाहणारे खडकाचे तुकडे जागच्या जागीं धरणें हें आहे. दोन खांब गेले आणि छत राहिलें, म्हणून तिसरा गेला तरी राहील, असें म्हणतां येत नाहीं. लेण्याजवळ बळाची मोठी शिल्लक आहे. पण ती किती खर्च झाली हें छताकडे पाहून कळत नाहीं, तड्यांकडे पाहून कळतें.

७

साष्टींत याचे दोन बोधप्रद दाखले आहेत. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यांचा पोर्तुगीज अमदानींत, सोळाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, फ्रान्सिस्कन पाद्री आंतोनियु द पोर्तु यानें ख्रिस्ती प्रार्थनामंदिर म्हणून उपयोग केला. मूर्तींपुढें भिंती घातल्या गेल्या आणि लेण्याच्या वरच्या डोंगरमाथ्यावर मठ व चर्च उभें राहिलें. त्याचे अवशेष अद्याप दिसतात. साष्टी १७३७ सालीं मराठ्यांच्या हातीं आली. माथ्यावरची इमारत मोडकळीस आली, आणि खालचें कोरीव लेणें उभें आहे.

दुसरा दाखला जोगेश्वरीचा. वीस खांबांचें विस्तीर्ण चौरस दालन व मध्यें चार दारांचें गर्भगृह अशी या शैव लेण्याची रचना असून, घारापुरीच्या जोडीस बसणारें हें लेणें आहे. मुंबईचें उपनगर वाढलें तसतशी लेण्याच्या भोंवतीं व माथ्यावर दाट वस्ती झाली. घरांच्या भारानें लेणें ढासळेल अशी भीति व्यक्त होते. पण आंकडे पाहिले असतां भीतीचें मूळ दुसरीकडे दिसतें. साध्या घराचा भार दर मजल्यास दर चौरस मीटरला सुमारें एक टन धरावा. त्याखालच्या दहा मीटर खडकाचा भार २७ टन आहे. म्हणजे घरानें मूळ भारांत पडणारी भर थोडी आहे. छत जेथें पातळ आहे तेथें मात्र ती उपेक्षणीय नव्हे. खरा शत्रु घराचें वजन नसून घरांतून व गटारांतून मुरणारें पाणी हा आहे. ओल्या मिश्र खडकाची शक्ति कोरड्याहून कमी असते; पाण्याबरोबर आलेले क्षार खडकाच्या छिद्रांत स्फटिकरूपानें वाढून आंतून ताण देतात; आणि चिरेच्या टोंकाशीं पाणी पोंचलें म्हणजे जो ताण कोरड्या दगडानें सोसला असता त्याच ताणाखालीं चीर हळूहळू लांबत जाते. मंडपेश्वरच्या माथ्यावरील दगडी मठापेक्षां जोगेश्वरीच्या माथ्यावरील सांडपाणी अधिक घातक आहे, असें म्हणण्यांत अतिशयोक्ति नाहीं.

८

आतां डागडुजीचा प्रश्न. विसाव्या शतकांत पुरातत्त्व खात्यानें घारापुरीचे कांहीं खांब नव्यानें बांधून उभे केले. असा नवा खांब उभा राहिला त्या दिवशीं त्यावर छताचा भार जवळजवळ शून्य असतो, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. जुन्या खांबाचा भार केव्हांच शेजाऱ्यांकडे गेलेला असतो, आणि छत आणखी खालीं बसल्याशिवाय तो परत येत नाहीं. म्हणून नवा खांब हा पहारेकरी आहे, हमाल नव्हे. तो उभा आहे म्हणून शेजारचे जुने खांब निश्चिंत झाले, असें समजूं नये.

टेकू उलटहि बाधतो, याची एक गोष्ट गॅलिलिओनें १६३८ सालीं छापलेल्या आपल्या ग्रंथांत दिली आहे. संगमरवराचा एक मोठा स्तंभ दोन टोंकांस दोन ओंडक्यांवर आडवा ठेविला होता. तो मध्यें मोडेल या भीतीनें कोणीं तिसरा ओंडका मधोमध सारला. कांहीं महिन्यांनीं स्तंभ नेमका त्या मधल्या ओंडक्यावरच तडकलेला आढळला. टोंकाचा एक ओंडका कुजून खचला होता, मधला घट्ट राहिला, त्यामुळें स्तंभाचें एक टोंक अधांतरीं पडून वरच्या बाजूस ताण आला. मदत म्हणून दिलेला आधारच घातास कारण झाला. जुन्या खडकाखालीं ताठर नवा टेकू देतांना ही गोष्ट विसरून चालणार नाहीं.

तडे बुजविण्याविषयींहि असेंच म्हणावें लागतें. झिजलेला मिश्र खडक मऊ व सच्छिद्र, आणि सिमेंट ताठर व बहुतांशीं पाण्यास अभेद्य. ऊनपावसानें दोघे सारखे पसरत व आंखडत नाहींत. म्हणून जोडाच्या बाजूस नवी चीर पडते, आणि बाहेर येऊं पाहणारें पाणी आंतच कोंडून खडक कुजवितें. चुन्याचा मसाला दुबळा असतो, पण दुबळेपणामुळेंच तो खडकाऐवजीं स्वतः तडकतो, आणि पुन्हां भरतां येतो. या सर्वांहून मोठी हानि ही कीं, तडा न मोजतां बुजविला म्हणजे तो केव्हांचा, किती रुंद, वाढत होता कीं थांबलेला, हें पुढें कोणासहि सांगतां येत नाहीं. पोथीवरचें पान नकल न घेतां डकवून टाकण्यासारखाच हा प्रकार आहे. तडा वाढतो कीं नाहीं हें पाहण्याची रीत स्वस्त आहे : त्यावर आडवी कांचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंस घट्ट चिकटवून त्यावर तारीख लिहावी. तडा हलला तर कांच फुटते.

९

येथेंच आमच्या वाचकांचें काम सुरू होतें. तडा आज किती आहे हें मोजणें यंत्रविद्येच्या हातीं आहे. तो शंभर किंवा दोनशें वर्षांपूर्वीं होता काय, हें सांगणें केवळ संग्राहकाच्या हातीं आहे. कार्स्टेन नीबूर १७६४ सालीं घारापुरीस होता, आणि त्यानें त्या लेण्याचे आराखडे प्रवासवर्णनांत छापले. साष्टींतील लेण्यांचें हेन्री सॉल्ट यानें चित्रांसह केलेलें वर्णन आणि घारापुरीवरील विल्यम अर्स्किन यांचा निबंध हे दोन्ही मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या निबंधमालेच्या पहिल्या खंडांत १८१९ सालीं निघाले. त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत छायाचित्रें आलीं. या सर्वांकडे आपण मूर्तींसाठीं पाहतों. मूर्तीच्या मागच्या भिंतीवर, खांबाच्या गळ्याशीं, छताच्या कडेला चितारलेली एखादी वेडीवांकडी रेघ आपल्या लक्षांत येत नाहीं. चित्रकारानें ती हौसेनें काढलेली असेल किंवा खरी असेल. पण तोच खांब दुसऱ्या चित्रांत व तिसऱ्या छायाचित्रांत तशीच रेघ दाखवीत असेल तर ती तड्याची नोंद होय, आणि तिला तारीख आहे.

म्हणून आमची सूचना अशी आहे. ज्यांच्या संग्रहीं कान्हेरी, कोंडिवटें, जोगेश्वरी, मंडपेश्वर किंवा घारापुरी येथील १९५० पूर्वींचीं चित्रें, आराखडे वा छायाचित्रें असतील, त्यांनीं प्रत्येकाची यादी करतांना चार गोष्टी अवश्य लिहाव्या : लेण्याचा क्रमांक, खांब किंवा भिंत कोणती, चित्राचा काळ व त्याचा आधार, आणि मोड, तडा अथवा ओल दिसत असल्यास तिची जागा. अशा शंभर नोंदी एकत्र आल्या तर साष्टींतील कोणता खांब केव्हां मोडला, कोणता तडा जुना असून थांबलेला आहे आणि कोणता नवा असून वाढत आहे, हें प्रथमच कालक्रमानें मांडतां येईल. ज्या ठिकाणीं तडा दोन शतकें हललेला नाहीं तेथें हात लावण्याचें कारण नाहीं. ज्या ठिकाणीं तो पन्नास वर्षांत उघडला तेथें त्वरा केली पाहिजे. हा निवाडा खडकाच्या शक्तीच्या आंकड्यांवरून एकट्यानें होणार नाहीं. त्यास कालक्रम पाहिजे, आणि तो कालक्रम आपल्या कपाटांतील बासनांत बांधून पडलेला आहे.